एकोणिसावा शब्द

पेनड्राइव्हएवढं होतं ते, काळं,
टीव्हीखालच्या खणात.
आणि तो खण मी दिवाळीच्या आवराआवरीत
स्टँडसकट भंगारवाल्याला देऊन टाकला.
साडेतीनशे म्हणत होता. घासाघीस करून
आणखी पन्नास काढले, वर खूश झाले.

तीन महिन्यांनी भाव चढल्याची बातमी आली.

दोन रविवार जुन्या बाजारात हिंडले,
मंगळवार पेठेत, गोणपाटांवर मांडलेल्या दुपारीत:
रिमोट, पितळी नळ, पायडल नसलेलं शिलाई मशीन,
कुणाकुणाच्या वडिलांचे चष्मे, ढिगाने.
"काय पाहिजे ताई?"
"एक छोटं, काळं..."
"चार्जर?"
"नाही."
"मग?"
मग काय, ते मला मराठीत सांगता येईना.
चावी म्हणावं, तर कुलूप कुठे आहे कुणाला माहीत.
पाकीट म्हणावं, तर त्यात काहीच नसतं.
शेवटी एक स्टीलची किसणी घेऊन परत आले.

यंत्र गेलं तरी शब्द उरतात, अशी त्यात सोय असते.
चोवीस इंग्रजी शब्द. क्रमाने, नव्या यंत्रात भरायचे.
बारा माझ्याकडे, कुकरच्या वॉरंटीच्या पुस्तिकेत.
बारा सुकुमारकडे, सांगलीला.
कागद त्यानेच कापला होता, फुटपट्टी लावून:
"सगळं एकाकडे असलं की चोरी होते."
शिवाजीनगरच्या कोर्टात आम्ही फ्रिज वाटला,
स्कूटर वाटली, त्याच्या आईच्या पाटल्या मी परत केल्या;
हे यादीत आलंच नाही.
तेव्हा याची किंमत एका मिक्सरएवढी होती.

चार वर्षांनी फोन लावला.
"बोल."
बोलले. कपाट वाजलं,
एलआयसीच्या प्लास्टिकची चुरचुर ऐकू आली.
"अर्धे माझे ना?"
"अर्धे तुझे."

"तेरा. लॅडर."
"चौदा. गार्लिक."
पहिली चार अक्षरं टाकली की
पुढचा शब्द यंत्र आपण होऊन ओळखतं.
मी वाक्य पूर्ण केलं तरी तो "म्हणजे?" विचारायचा,
आणि मी, खरं सांगायचं तर,
त्याचं एकही वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.
"पंधरा. टेनंट. सोळा. अंब्रेला."
"सतरा. टूना. अठरा. ओनियन."
दोन्ही घरांत कधी न शिजलेल्या गोष्टी
तो पूजेच्या यादीसारख्या वाचत होता.

"सॉरी."

मी थांबले.
गंगाधाम चौकात एक टँकर मागे येत होता,
त्याची ती टिंवटिंव.
"कशाबद्दल?"
"अगं, शब्द आहे. एकोणिसावा."

एस, ओ, आर. पडद्यावर दोन पर्याय आले,
सॉरी आणि सॉर्ट.
"सॉर्ट तर नाही ना?"
"दोन आर आहेत. मी नीट लिहिलंय."
त्याचं अक्षर मला माहीत आहे. तो नीटच लिहितो.
"परत एकदा सांग."
"सॉरी," तो म्हणाला.
या वेळी आकड्याशिवाय.

वीस ते चोवीस भरभर झाले, तरी उघडेना.
चूक माझ्या बारांत निघाली: सातवा,
ओल लागून पुसटलेला; मी सॉफ्ट भरलं होतं,
तो होता सॉल्ट. तोही त्याच्याच लक्षात आला,
"बघ, मीठ असेल," म्हणाला.

उघडलं. आकडा वाचून दाखवला.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग मी सगळं नव्या पत्त्यांवर हलवलं,
एक माझा, एक त्याचा.
"म्हणजे हा कागद आता रद्दी?"
"रद्दी."
"फाडू?"
"तुझं तू बघ."

त्याच्याकडे कुणीतरी कुकर लावला होता, शिट्टी झाली.
फोन चालूच राहिला.
मी कागदाच्या आवाजाची वाट बघत होते, आला नाही.
इकडे पाणी यायची वेळ झाली होती.
उठले, मोटर लावली.