बेरी

गावाचं नाव कागदावर वाचलं तर बरी,
लोक म्हणतात बेरी.
मँचेस्टरहून ट्राम इथे येऊन संपते. पुढे रूळच नाहीत.
लोणी कढवून तूप गाळल्यावर
पातेल्याच्या बुडाशी उरते ती बेरी,
आणि मिरजेहून एवढ्या लांब येऊन
मला नोकरी लागली ती नेमकी तिथे.

हाइको ड्रेसबाख आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता.
लोकांनी त्याचे गोल मोजले होते.
मी उजवा गुडघा पाहिला.
आतल्या बाजूचा टाका एकोणिसाव्या वर्षीचा,
बोखुमच्या इस्पितळातला;
तेव्हा बाप खाणीतून थेट आला होता म्हणे,
वॉर्डभर काळी पावलं उमटवत.
वाटीवरचा सव्विसाव्या वर्षीचा,
ज्या मोसमात देशाच्या संघाचं बोलावणं येणार होतं
आणि फोन दुसऱ्याच कुणाच्या घरी वाजला.
तिसरा बारीक, सुईच्या भोकाएवढा.
त्याच्याबद्दल तो बोलायचा नाही.
त्यानंतरची गावं मात्र सांगायचा, जेवणाच्या वाराप्रमाणे:
दोन वर्षं कोटबुस, दीड ग्राझ,
एक हिवाळा सायप्रसला,
तिथल्या मालकानं पगार बुडवला
आणि वर संत्र्यांची पेटी दिली.
"गोड होती," एवढंच म्हणाला.

टेबलावर पालथा पडला की शब्द सुचायचे त्याला.
त्यांच्यात गोलला तोर म्हणतात. तोर म्हणजे फाटक.
आणि तोच शब्द नपुंसकलिंगी सोडून पुल्लिंगी केला
की तोर म्हणजे मूर्ख.
"एकशे एकोणचाळीस वेळा फाटक," तो उशीत म्हणाला,
"उरलेली सतरा वर्षं मूर्ख."
मी सांगितलं, आमच्याकडे फाटकाला तोरण बांधतात.
"आणि मूर्खाला?"
मुंडावळ्या.
त्या समजावून सांगण्यात बर्फाची पिशवी वितळून गेली.
दोनदा लग्न झालेला माणूस तो; हसता हसता
मांडीचा स्नायू धरला त्याचा.

मंगळवारची रात्र. धुक्यात पलीकडचा गोलकीपर
नुसते पिवळे हातमोजे.
चारशे बारा प्रेक्षक, त्यांत तिकीटखिडकी बंद करून आलेली
डोरीन, आणि तिचा कुत्रा.
अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला त्याला आत सोडलं.
पट्टी माझी: तीन वेढे खाली, दोन वर, एक तिरका.
कॉर्नर आला. कुणीतरी बदडला, कुणाच्या तरी पाठीला लागला,
हा स्ट्रायकर पाठमोरा, बूट सावरतोय,
आणि चेंडू येऊन आपटला
थेट त्या गुडघ्यावर, तिरक्या वेढ्यावर,
आणि कुणाचंच लक्ष नसल्यासारखा
हळू, लाजत, रेषेपलीकडे गेला.

क्षणभर कोणी ओरडलंच नाही. आधी कुत्रा भुंकला.
भोंग्यावरून नाव चुकीचं पुकारलं.
तो धावला नाही, झेपावला नाही, गवतावर घसरलाही नाही;
गुडघ्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.
त्या गोलातला पाव हिस्सा माझा आहे.
कुठे नोंद नाही. नसू दे.

मे महिन्यात तो गेला तेव्हा
साखर घालून बेरी दिली त्याला, स्टीलच्या डब्यात.
म्हटलं, सगळं चांगलं काढून घेतल्यावर हे राहतं,
आणि आम्ही पोरं याच्यावरूनच भांडायचो.
त्यानं तिथेच, बुटांच्या पेट्यांवर बसून,
बोटानं डबा चाटूनपुसून संपवला. काही बोलला नाही.

रिकामा डबा परत देऊ नये, हे मी सांगितलं नव्हतं.
बोट्रॉपहून पार्सल आलं ऑगस्टात,
हलवलं तर खुळखुळलं:
बुटाचे सहा अॅल्युमिनियमचे स्टड, एका बाजूनं झिजलेले.
पाच अजून डब्यात आहेत.
एक माझ्या मागच्या दाराखाली सारलाय,
वाऱ्यानं ते उगाच आपटायचं.