अडतीस, एकोणचाळीस

उजवीकडचा तंबोरा गेलाय,
कुमुद स्वयंपाकघरातून म्हणाली,
भाकरी तव्यावर असताना.
मी समोर बसून ऐकत होतो, मला कळलं नव्हतं.
जाळी काढून पाहिलं तर चारातला एक व्हॉल्व्ह
लालभडक, पोटातला पत्रा तापलेला,
मे महिन्यात सावद्याच्या स्टँडवर माणूस होतो तसा.

दोष त्याचा नाही.
रात्री केळीच्या मळ्यांतले पंप एकदम बंद होतात
आणि आमच्या भिंतीतलं व्होल्टेज
एकशेऐंशीवरून अडीचशेच्या पुढे उडी मारतं.
अकरा वर्षं त्यानं ती उडी सोसली.

भुसावळचं लुकमान तडवींचं दुकान आता रेहानाचं.
पुढे मोबाइलची कव्हरं, चार्जर, काचा.
मागे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
तिच्या अब्बांनी कापसात निजवलेले व्हॉल्व्ह.
बुडाला धरून उचलते ती, काचेला अंगठा न लावता;
लागला तर छापलेला नंबर निघून येतो
नि मग कोण कुठला हे सांगायला कोणी उरत नाही.

आधी बघायचं डोकं.
आतून चंदेरी आरसा हवा, काळसर झाक असलेला.
एकाचा दुधासारखा पांढरा पडला होता.
"यात हवा घुसली, मामा," म्हणाली
आणि वेगळा ठेवला, फेकला नाही.
मग पिना. मग पेन्सिलीची हलकी टिचकी
(स्पीकरमधून घंटी वाजली तर तो नको,
तो स्वतःचंच ऐकवत बसतो).
मग लुकमानभाईंनी हातानं बांधलेला टेस्टर,
काटा हलायच्या आधी थोडा थरथरणारा.

नवा रशियन, खोक्यासकट: बावन्न.
त्याच खोक्यातला दुसरा: एकेचाळीस.
खोक्यावर तर जोडी लिहिलंय, मी म्हणालो.
"लिव्हाले काय लागतं," रेहाना म्हणाली.
मग एक जुना बंगळुरी. काटा सत्तेचाळीसवर गेला
आणि खिळा ठोकल्यासारखा थांबला.
असा व्हॉल्व्ह मी आयुष्यात दोनदा पाहिला असेल.
तिनं डबा तळापर्यंत उपसला.
"याले जोडीदार नाही."

वडील बैल घ्यायला जात तेव्हा
दात बघत, खूर बघत, शेपटी ओढून बघत,
पण शेवटी घरच्या बैलाशेजारी उभा करत.
खांदा वर-खाली असला तर फुकटातही नको,
जू कलतं, म्हणायचे.
मीही डावीकडची जोडी रुमालात बांधून नेली होती.
ती भरली एकोणचाळीस, एकोणचाळीस.
हा सत्तेचाळीसवाला त्यांच्या घरात काय करणार?
सगळं गाणं आपल्याकडे ओढणार.

तास गेला. एक पोरगा काच बसवून घेऊन गेला,
जाताना डब्याकडे बघून म्हणाला, हे बल्ब लागतात का अजून?
शेवटी दोन निघाले, दोन वेगळ्या कंपन्यांचे,
एकाची छपाई पुसलेली, दुसऱ्याची पिन वाकून सरळ केलेली.
अडतीस. एकोणचाळीस.
दोघांचे मिळून अडीचशे.
आणि त्या सत्तेचाळीसवाल्याला
केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळून
तिनं माझ्या पिशवीत टाकलं.
"ठेवा. भेटला कधी जोडीदार तं मले सांगजा."

तापीच्या पुलावर खड्डा आला तेव्हा
पिशवी मी दोन्ही हातांनी मांडीवरून उचलून धरली.
शेजारच्या बाईनं विचारलं, अंडी का?

रात्री साडेदहाला, मीटर बघून, बटण दाबलं.
अर्धा मिनिट काहीच नाही.
मग नारिंगी ठिपके: एक, दोन, तीन,
चौथा जरा उशिरानं.
तीच तबकडी लावली.
आत भांड्यांचा आवाज थांबला.
"आला," कुमुद म्हणाली, "पण गळा बसलाय जरासा."
दोघांचाही सारखाच बसलाय, मी म्हणालो,
आणि सत्तेचाळीसवाल्याला देवळीत ठेवलं,
काडेपेट्यांच्या मागे, सोपटासकट.