लाल नळ

सुमेध, बॅग खाटेवर ठेव.
खाली ठेवलीस तर एसीचं पाणी लागेल तिला.
वरची खाट तुझी. गादी पेवेकरांची होती,
ते मार्चमध्ये गेले, कायमचे,
म्हणजे गुहागरला रे, घाबरू नकोस,
गुडघे आणि दोन ब्लँकेटं घेऊन.

आता नीट ऐक. सलमाबादला उन्हाळ्यात
गार पाणी लाल नळातून येतं.
निळा सोडलास तर पाठ सोलून निघेल.
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात रटरटते.
गिझर मात्र आत, न्हाणीच्या अंधारात,
मे महिन्यापासून बटण बंद,
रात्रभर गप्प बसून पाणी निववतो.
पन्नास लिटर. माणसं नऊ.
हिशेब तू कर, तू आयटीआय झालायस.
एकदा रिता झाला की मागून येतं ते टाकीचंच.

पहिली बादली नूरुलची, तो बेकरीत जातो, पावणेचारला.
मग थंगराज, मग आपली बस.
पिवळ्या शटरपाशी उभं राहायचं,
गुलजमान हॉर्न एकदाच वाजवतो.
सीपीआरचं कार्ड पाकिटात नको, गळ्यात घाल,
पाकीट घामाने भिजतं
आणि विचारणारा थांबत नाही.

मेसचे महिन्याला बावीस दिनार.
वही फ्रिजवर, पेन दोरीला बांधलेलं,
दोरी का, ते विचारू नकोस.
सुरमई परवडत नाही, शेरी आणतो,
काटे जरा जपून.
आमटीत थंगराज चिंच घालायचा, मी आमसुलं,
अबोला झाला पंधरा दिवस.
हल्ली दोन्ही पडतात
आणि नूरुल तोंड वाकडं करून दोनदा वाढून घेतो.

खाली मोईदूचं कोल्ड स्टोअर.
उधारी तो मल्याळममध्ये लिहितो,
आपल्याला ओ की ठो कळत नाही,
पण अकरा वर्षांत शंभर फिल्सचा फरक नाही.
त्याच्याकडे पावाच्या गठ्ठ्यापासून नेलकटरपर्यंत सगळं,
फक्त सुट्टे नसतात. सुट्ट्यांऐवजी च्युइंगगम देतो.
माझ्याकडे एक डबा भरलाय. हवं तर घे.

शमाल सुटला की गच्चीवर कपडे टाकू नकोस,
पांढरी बनियन चहात बुडवल्यासारखी होते.

आणि हो, गिझरचं अजून एक.
जुलैत समोरच्या खाटेवरचा दिलबहादूर तापाने फणफणला.
चार दिवस लाल नळ त्याचा होता.
कुणी ठरवलं नव्हतं, वहीत लिहिलं नव्हतं.
आम्ही रात्री निळ्याच्या बादल्या भरून
एसीखाली ओळीने मांडायचो,
अंधारात उठलं की पाय बादलीतच.
शिव्या पाच भाषांतल्या,
पण हळू आवाजात. तो झोपला होता ना.

घरी फोन केलास तर हे नळाचं सांगू नकोस.
मी एकदा सांगून बसलो.
आईने पहिल्यापासून दोनदा ऐकलं.
म्हणाली, नळ उलटे बसवलेत मेल्यांनी,
एखादा चांगला मिस्त्री बघ.

इथे मिस्त्री मीच आहे, सुमेध.
जुफेरच्या टॉवरात, सीफच्या बंगल्यांत
बाविसाव्या मजल्यापर्यंत
लाल डावीकडे, निळा उजवीकडे,
हजारेक नळ बसवले असतील,
एकही उलटा नाही.

बघतो, म्हटलं तिला.

चल, टॉवेल घे.
निळ्याला हात लावू नकोस.
आज पहिला दिवस, दोन बादल्या घे,
मी नूरुलला सांगतो.