एकोणचाळीस अंश

फ्योर्डच्या तोंडाशी आमचा कारखाना.
इथे गाडीचं दार दोन्ही हातांनी उघडायचं,
नाहीतर वारा ते बिजागरीसकट घेऊन जातो
आणि विमेवाला फोनवर हसतो.

आत, पडद्यावर, वारा माझ्या शब्दाबाहेर नाही.
डाव्या भिंतीतून शिरायचं, सेकंदाला तीन मीटर,
उजवीकडून निमूट निघून जायचं.
मध्ये एक ठोकळा:
अॅल्युमिनियमच्या भट्टीत जळून उरलेला कार्बन,
बाहेर काढला तेव्हा नऊशे अंश.
तो मी वाऱ्यावर सोडला
आणि कॉफी आणायला गेले.

जाळं विणताना मी कंजुषी केली नव्हती.
ठोकळ्याच्या अंगालगत तर पेशी इतक्या बारीक
की पडद्यावर नुसती काळी रेघ दिसावी.
कारण खरा व्यवहार तिथेच.
वारा कितीही उधळलेला असो,
जिथे तो अंगाला टेकतो तिथे त्याचा वेग शून्य.
अगदी शून्य.
केसाएवढ्या थरात तो थबकून असतो
आणि त्या थबकलेल्याच्याच हाती
सगळी उष्णता सोपवावी लागते.

चुकांच्या रेषा उतरत गेल्या,
आठशेव्या फेरीला सपाट झाल्या.
बारा तासांनी ब्याण्णव अंश.
नारिंगीतून निळ्यात जाणारं इतकं देखणं चित्र
की मी छापून भिंतीवर लावलं.

ब्योर्ग्विन तापमापकाची सळई घेऊन वर आला.
एकशे एकतीस, म्हणाला.
पुन्हा मोज, मी म्हटलं.
त्याने खाली जाऊन पुन्हा मोजलं.
एकशे एकतीस.

एकोणचाळीस अंश.
आठवडाभर मी त्यांच्या मागावर होते.
वाहकता बदलली. भोवऱ्यांचं गणित बदललं.
खालच्या लोखंडी पाटाला दोष दिला.
पंखेवाल्यांना खरमरीत पत्र लिहिलं, पाठवलं नाही.
सळईच खोटी असेल, असंही बोलून पाहिलं.
ब्योर्ग्विनने ती उकळत्या किटलीत बुडवून
आकडा माझ्यासमोर धरला: शंभर.

शुक्रवारी तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.
बराच वेळ.
"एकटाच आहे हा," म्हणाला.
मग? एकाचा हिशेब तोच सगळ्यांचा.
"दालनात एकशे वीस आहेत."
मग खिडकीकडे बघत,
"कारखाना यायच्या आधी माझ्याकडे मेंढ्या होत्या.
हिमवादळात अंगाला अंग लावून उभ्या राहायच्या.
कडेच्या मेंढीची लोकर गोठून काठी व्हायची.
मधलीच्या पोटाखाली हात घाल,
बोटं वळायला लागतात."

मी खाली गेले, दोन रांगांच्या मध्ये उभी राहिले.
पंखे चालू. केस उडतायत.
आणि दोन्ही गाल भाजतायत.
काळे, मुके, एकमेकांकडे तोंड करून बसलेले ठोकळे:
हा जे टाकतो ते तो झेलतो,
तो जे परतवतो ते पुन्हा ह्याच्या पदरात.
वारा मधून सुसाट जातो,
त्या देवघेवीला त्याचा धक्काही लागत नाही.
आठ वर्षं मी एकटीच जेवते.
शेजाऱ्याची झळ हिशेबात धरायची असते
हे मला सुचलं नाही, ते कदाचित त्यामुळे.

वर येऊन शेजारी मांडले. चारी बाजूंनी.
पेशी वीस लाखांच्या तीन कोटी झाल्या,
संगणक सोमवार सकाळपर्यंत घुमत राहिला,
आणि चित्र आलं ते काही देखणं नव्हतं:
सगळीकडे तोच मंद, गढूळ लाल.
एकशे अठ्ठावीस.

"तीन उरतात," मी म्हटलं.
ब्योर्ग्विनने खांदे उडवले.
शरदात डोंगरावरून कळप उतरवताना
दरवर्षी तेवढ्या कमीच भरायच्या.
शोधायला जायचात?
"एकदा गेलो होतो," म्हणाला,
आणि सळई पुसून किटली लावली.