दुपारचं माप

मस्कतहून आलेल्या तक्त्यात एक रकाना कोरा होता :
अमोनिया, मिलिग्रॅम, दर लिटरला.
बाकी सगळे भरून आलेले,
एवढाच आमच्यावर सोडलेला,
पंगतीत मीठ वाढायचं राहावं
आणि वाढप्यानं म्हणावं, घ्या तुमच्या अंदाजानं.

रीत अशी असते :
ओढ्याला पाणी किती, आपण सोडतो किती,
मग ओढ्याच्या अंगावर किती खपून जाईल ते बघायचं.
इचलकरंजीत मी हेच गणित शिकले.
तिथं निदान ओढा होता.
आज कुठल्या प्रोसेसची पाळी, हे आई
त्याच्या रंगावरून सांगायची, भांडी घासता घासता.

इथं रुस्ताकच्या खाली, जूनमध्ये
मी प्रवाहमापक घेऊन वादीत उतरले
तर आमच्या पाइपाच्या वर
नुसते गोटे, आणि बाभळीला अडकलेली
ताकाची निळी पिशवी.
प्रवाह : शून्य. तसंच लिहिलं.
शून्यानं भागायचं नसतं हे सहावीतल्या पोराला कळतं.
एक्सेल लाल होऊन बसलं.

पाइपाच्या खाली मात्र वादी होती.
लव्हाळं होतं, चतुर होते,
बोटाएवढे मासे उताराला तोंड करून थांबलेले.
सगळं आमच्यावर पोसलेलं.
गावच्या मोऱ्या, वजूचं पाणी, हॉटेलांचा साबण
आमच्या हौदांतून फिरून बाहेर पडतो
आणि तिथून पुढं त्यालाच नदी म्हणतात.
उधार कुणाकडून घ्यायची मग?

खल्फान म्हणाला, पाच लिही, दोक्तोरा.
शेजारच्या वादीला पाचच दिलंय.
त्याखाली जायचं तर नवे ब्लोअर लागतील
आणि विजेचं बिल माझ्या टेबलावर येतं.
वाईट माणूस नाही तो.
रोज दोन खजूर रुमालात बांधून आणतो, एक माझा.

दोन किलोमीटर खाली फलज सुरू होतो,
म्हणजे आपला पाटच, फक्त आपल्याहून फार जुना.
त्याच्या पाळ्या हुमैद बघतो.
वाळूत एक खांब, बाजूला दगडांच्या रेघा,
सावली रेघेवर आली की पाणी दुसऱ्याच्या बागेत.
अर्धा तास म्हणजे एक अथर.
अथर विकतात, गहाण टाकतात,
त्याच्या बहिणीला लग्नात दीड अथर मिळाला.
माझा तक्ता त्यानं उलटा धरून पाहिला, मग सुलटा.
विचारलं, हे कुठल्या वेळचं पाणी?

सकाळी सातचं, मी म्हटलं. नमुना नेहमी सातलाच घेतो.
ऊन चढायच्या आत.
तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, मासे अस्रच्या आधी तोंड वर काढतात.

तीनला गेले. सेहेचाळीस अंश.
गोट्यांवरून चालताना बुटाचा तळ सुटला.
शेवाळ दिवसभर ऊन पिऊन फुगलेलं,
पीएच नऊ पॉइंट एक.
सकाळी जो अमोनिया निमूट होता
तोच आता विष झालेला, वजनात कणभर फरक नाही.
मासे वर आले होते. तोंडं उघडी, गोल,
अक्षर गिरवायच्या आधी मुलं काढतात तशी शून्यं.
मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

रात्री सगळं पुन्हा मांडलं, वादीचं पाणी न धरता.
जे माशाला चालतं तेवढंच पाइपात चालतं,
मधे कुणी नाही.
रकान्यात लिहिलं : शून्य पॉइंट चार.
खल्फाननं चष्मा काढला, पुसला, घातला.
हे खोडतील, म्हणाला.
खोडतील, मी म्हटलं.
तरी त्यानं सही केली, जरा तिरकी,
आणि रुमाल सोडला.

अजून उत्तर आलेलं नाही.
शेरा या शेवटच्या, बोटभर रुंदीच्या रकान्यात
मी लिहिलंय : नमुना दुपारी तीनला घ्यावा.
अरबीत ते खल्फाननं लिहिलं.
तास मात्र त्यानं लिहिला नाही,
लिहिलं, सावली दुसऱ्या दगडावर असताना.