मानस

कुंभारजुव्याच्या कालव्यात कॅनू लोटली तेव्हा
ओहोटी अर्ध्यावर आली होती.
पुढे वीत्स्के, हॉलंडची, साठी उलटलेली, गुडघे माझ्याहून बरे.
मागे कायतान, वल्ह्याइतकाच गप्प.
मधे मी, दिवसाला दीड हजारांवर ठरलेला दुभाषी,
पाण्याला भिणारा.

कायतानची कोकणी मी इंग्रजीत करायची,
तिचं इंग्रजी कोकणीत.
मराठीचं कुणाला काही काम नव्हतं. मराठी माझी मला,
रात्री वही उघडली की.

तिवरांची मुळं चिखलातून बोटं वर करून उभी,
मास्तरांनी प्रश्न विचारून वर्ग सोडून जावं तशी.
एका निवटीनं डोळे वटारले,
मग स्वतःच्याच डबक्यात परतली.
"मगरी आहेत?" तिनं विचारलं.
"आसात," कायतान म्हणाला.
आणि दोन वळणं गेल्यावर, वल्हं न थांबवता,
की पौषातल्या अवसेला पलीकडच्या गावात
चिखलाची मगर घडवतात, तिला शिंपल्यांचे खवले लावतात, पुजतात.
का, ते त्यानं सांगितलं नाही.
मीही पदरचं घातलं नाही.

जुव्याच्या डोंगरावर किल्ला दिसला.
वहीत लिहून आणलेलं मी म्हणून दाखवलं:
पोर्तुगीज, मराठे, तोफा,
आणि दर्या निवळला की मांडवीच्या तोंडाशी
नाकेबंदी करून उभी राहणारी डच गलबतं.
"म्हणजे आमचीच," ती हसली, "आत यायला मला उशीरच झाला."
हे मी कायतानला सांगितलं.
तो हसला नाही. कदाचित मीच नीट सांगितलं नसेल.

बांधाला लागलो. किल्ल्याकडे जायची वाट तिथूनच.
ती मात्र खाली, लाकडी दारापाशी थांबली.
"ह्याला काय म्हणतात?"
"मानस."
आणि मी अडलो.
माझ्या वहीतल्या भाषेत मानस म्हणजे मन,
मानस म्हणजे मनात धरलेलं, अजून न केलेलं.
इथे ते चिऱ्यांत बसवलेलं, शेवाळलेलं,
खाऱ्या पाण्यात कुजत कुजत टिकलेलं फळकूट.
झडप म्हणू? दार म्हणू?
तोवर ती चिखलात बसलीसुद्धा.

तळहात तळहाताला लावून तिनं विचारलं: असं?
कायताननं आपले हात उलटे धरले: ना, अशें.
"भरती आयली की दार आपशींच धांपता."
हे मी इंग्रजीत म्हणेपर्यंत तिची मान हलून गेली होती.
तिनं काटकीनं बांधावर रेघ ओढली: हा समुद्र.
रेघेच्या खाली, बरंच खाली, एक घर.
कायताननं घराकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं,
आणि त्या दिवशी पहिल्यांदा खो खो हसला.

मग मी एकटाच किल्ला चढलो.
काजूची झाडं, ढासळलेले चिरे, गंजलेली पाटी,
बुरुजात बिअरच्या बाटल्या, अर्धवट जळालेली.
एवढ्या उंच भिंती, आणि त्यांना ओलांडून कोण कोण आलं.
वरून खाजन दिसत होतं:
निम्मं कोरगुटीनं हिरवं, निम्मं करडं,
जिथे बांध फुटला आणि कुणी परत घातला नाही.
मानशीला पाटी नाही.
तिच्यापाशी दोन ठिपके अजून ओणवेच.

खाली उतरलो तर पाणी फिरलं होतं.
कुणी हात लावला नाही. दार थरथरलं, पुढे सरकलं,
आणि ठप्प.
आत गोड, बाहेर खारं.
दोघं त्या आवाजाकडे असे बघत होते
जसं कुणी पोर झोपलं की नाही ते बघतं.

मला दुपारपर्यंतचे पैसे मिळाले, पूर्ण.
माझ्या चपला मी दाराच्या बाहेरच्या अंगाला काढल्या होत्या.
एक कायतानला सापडली.