गठ्ठा क्रमांक १४७

वखारभागात शटर अर्ध्यावर ओढलं की
फोनची लाइन माझी.
दिवसभर हळदीचे भाव सांगणारा तोच फोन
रात्री साडेदहाला किंचाळतो, घरघरतो
आणि गठ्ठा उतरवतो.

यादीत दिसतो एकच निरोप. एकच ओळ.
कळ दाबली की सुतळी सुटते:
आत एकतीस जण
दाटीवाटीनं झोपलेले,
दोघांच्या मधे एकेक तुटक रेघ
उशी ठेवावी तशी.
सगळे जुन्या रेडिओवाले.
कुणाचा व्हॉल्व्ह गेलाय, कुणाला डायलची दोरी हवी,
इचलकरंजीचा एक जण ट्रान्सफॉर्मरवरून भांडतोय
गेल्या दिवाळीपासून.

शेठ पोत्यात नळी खुपसतात,
चिमूटभर काढतात, वास घेतात,
पोतं पास.
मीही तसंच वाचतो. वरचा एक, खालचा एक.
त्यात सीझन होता, गठ्ठे साठले होते.

तेविसावा उघडला तो बोट घसरलं म्हणून
(कळांवर हळद असते, स्पेसबार तर पिवळाच).
कुमुदिनी शेटे, विटा.
इंग्रजी अक्षरांत मराठी, कुठं थांबायचं ते नाही:
ह्यांचा रेडिओ आहे दुरुस्त नाही करायचा
बंद कसा करतात तेवढे सांगा

तारीख बघितली. बारा दिवस.
विट्याहून सांगली एस.टी.नं दोन तास.

पुढचे सगळे सोडले, एकशे अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास,
ट्रान्सफॉर्मर, ट्रान्सफॉर्मर, डायलची दोरी.
तिला कुणीच काही नाही.

लिहिलं: डावीकडचं बटण उलटं फिरवा.
खोडलं.
लिहिलं: प्लग काढा.
प्लग काढायचं तिला सुचलं नसेल होय?
खोडलं.
कर्सर आपला डोळे मिचकावत बसलेला.
शेवटी लिहिलं:
आवाज अगदी बारीक करा. दिवा राहू दे.
वीज फार खात नाही.

पाठवून टाकल्यावर दिसलं,
माझ्या उत्तराच्या कपाळावर तिचं नाव नाही,
‘गठ्ठा क्रमांक १४७’ एवढंच.
उद्या तेही बांधलं जाईल
नवव्या नाहीतर दहाव्या जागी,
इचलकरंजीच्या खाली.

लाइन सोडली. सोडल्या सोडल्या वाजली.
वसगड्याचा माणूस. राजापुरी काय निघाली आज?
म्हटलं, ही काय वेळ झाली?
म्हणाला, तासभर लावतोय,
तुमचाच फोन कुणाशी तरी बोलत होता.